हापूसला कागदी पिशव्या: एका हंगामाचा अनुभव

गेल्या मे महिन्यात पुण्याला बहिणीकडे पेटी पाठवली. दोन दिवसांनी तिचा फोन, "दादा, चार आंब्यांत अळ्या निघाल्या." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळमाशीचं हेच वाईट. तयार होत आलेल्या फळाच्या सालीत सुईच्या टोकाएवढं भोक पाडून ती अंडी घालते आणि वरून काही कळत नाही. २०१४ साली युरोपने आपला आंबा थांबवला तो याच माशीपायी.

म्हणून यंदा देवगडच्या आमच्या बागेतल्या १२ कलमांवरच्या कैऱ्यांना तपकिरी कागदाच्या तयार पिशव्या घातल्या. तोंडाशी बारीक तार असते, ती देठाला गुंडाळायची.

सुरुवातीला माझं चुकलं. घाईत सकाळी सातलाच, दव असताना, २०० पिशव्या बांधल्या. पंधरा दिवसांनी एक सोडून बघतो तर कैरीवर करप्याचे, म्हणजे बुरशीच्या रोगाचे, काळे ठिपके. ओल आत कोंडली होती. त्यानंतर आधी बुरशीनाशक फवारलं, फळ खडखडीत वाळू दिलं, मगच पिशवी. दुसरं म्हणजे सुपारीएवढ्या कैऱ्यांना पिशव्या घालू नका. त्या वयात गळ फार असते. माझ्या बऱ्याच कैऱ्या देठापासून सुटून पिशवीतच पडून राहिल्या. अंड्याएवढी झाली की बांधावी.

आत फळ दिसत नाही, त्यामुळे तोडणी केव्हा करायची हा प्रश्न येतो. मी प्रत्येक पिशवीवर पेनाने तारीख टाकली, आणि अंदाज घ्यायला झाडामागे दोन-तीन पिशव्या सोडून पाहिल्या. पिशवीतलं फळ फिकट, पिवळसर निघतं. एका गिऱ्हाईकाने विचारलं, कोवळाच तोडलात का? एक पिकलेलं फळ कापून दाखवलं तेव्हा पटलं. साल मात्र इतकी नितळ की हात फिरवत राहावंसं वाटतं.

मे अखेरीस वळवाचे दोन पाऊस झाले आणि माशी वाढली. तेव्हाची पिशवीतली आणि उघडी फळं पिकवायला आढीत वेगवेगळी लावली होती. एक-एक पेटीएवढीच होती दोन्हीकडे. उघड्यांतली ११ फेकावी लागली, पिशवीतली २, आणि त्या दोन्हींच्या पिशव्या फाटलेल्या होत्या. दोन कलमांना आईने घरी वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवून दिल्या होत्या. पावसात त्या लगदा होऊन फळाला चिकटल्या. लवकर निघणाऱ्या फळाला त्या चालतील, उशिराच्या नाही.

उंच फांद्यांना हात पोहोचत नाही. तिथे फळमाशीसाठीचे रक्षक सापळे टांगले, पण त्यातल्या मिथिल युजेनॉल या आमिषाला फक्त नर भुलतात. अंडी घालणारी मादी मोकळीच. म्हणून हात पोहोचेल तिथवर पिशवी हवीच.

मजुरी धरून खर्च बराच होतो, सगळ्या बागेला परवडणार नाही. पुढच्या वर्षी ज्या कलमांचा मोहोर उशिरा येईल, त्यांनाच आधी बांधणार. त्यांचा आंबा नेमका मे अखेरीस, माशीच्या तडाख्यात सापडतो.