मनगटावरील गँगलियन : सुईने द्रव काढणे की शस्त्रक्रिया?

सांध्याच्या आवरणातून किंवा स्नायुबंधाच्या वेष्टनातून उगवणारी, घट्ट जेलीसारख्या द्रवाने भरलेली ही गाठ कर्करोगाची नसते आणि सुमारे निम्म्या रुग्णांत ती कालांतराने आपोआप विरते. त्यामुळे दुखत नसेल, तर काहीही न करणे हाही पूर्णपणे योग्य निर्णय ठरतो.

उपचार करायचेच ठरले, तर सुईने द्रव काढणे सोपे असते. जागा बधिर करून जाड सुई टोचली की पारदर्शक, चिकट द्रव बाहेर येतो, गाठ बसते आणि रुग्ण त्याच दिवशी कामाला लागतो. मात्र गाठीची पिशवी आणि तिला सांध्याशी जोडणारा देठ आतच राहतात, म्हणून निम्म्या किंवा त्याहूनही अधिक रुग्णांत ती पुन्हा भरते. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस तर नाडीची धमनी गाठीला अगदी चिकटून असल्याने तेथे सुई घालताना विशेष जपावे लागते.

शस्त्रक्रियेत पिशवी, देठ आणि सांध्याच्या आवरणाचा लहानसा भाग काढला जातो. देठ मुळापर्यंत शोधण्यातच शल्यविशारदाचे खरे कौशल्य असते. गाठ परतण्याचे प्रमाण येथे बरेच कमी असले, तरी व्रण, काही आठवड्यांचा ताठरपणा आणि क्वचित त्वचेच्या चेतातंतूला इजा ही किंमत मोजावी लागते. केवळ दिसण्यासाठी ती मोजू नये, असे माझे मत आहे. सतत वेदना, पकड सैल होणे किंवा बोटांना मुंग्या येणे असेल, तर मात्र शस्त्रक्रिया टाळत बसू नये.