घरगुती नाताळ अंक छापून देणारे खजुरी बाजारातील एक दुकान

इंदूरच्या खजुरी बाजारात वह्यापुस्तकांच्या दुकानांमागे असलेले एक छोटे मुद्रणालय लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि डायऱ्या यांबरोबरच डिसेंबरमध्ये ‘फॅमिली इयरबुक’ नावाची सेवा देते. कुटुंबाने वर्षभराची छायाचित्रे आणि मजकूर नेऊन द्यायचा आणि नाताळच्या आत सोळा किंवा चोवीस पानांची पुस्तिका घेऊन यायचे, असे तिचे स्वरूप आहे. आमच्या घरचा विनोदी नाताळ अंक तिथेच छापला जातो. छपाई स्वच्छ असते, दर वाजवी आहेत आणि दिलेली तारीख बहुतेक पाळली जाते. मात्र दुकानदार ज्या चकचकीत पॅकेजचा आग्रह धरतात ते विनोदी मजकुराचा जीव घेणारे आहे, असे माझे ठाम मत झालेले आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे दुकानाचे नाव लिहीत नाही.

नाताळात सरत्या वर्षाचा आढावा लिहून आप्तेष्टांना पाठवण्याची रीत मूळची इंग्लंड-अमेरिकेकडची. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून पहिले छापील नाताळ शुभेच्छापत्र करून घेतले, त्यावरही मेजाभोवती जमलेले एक कुटुंबच होते, आणि त्यातल्या लहान मुलाच्या ओठी लावलेल्या वाइनच्या पेल्यावरून मद्यनिषेधवाल्यांनी आरडाओरडा केला होता. म्हणजे कुटुंबाचा आनंद छापला की कोणीतरी नाक मुरडणारच, हे पहिल्याच खेपेला ठरून गेले. १९५९ मध्ये साध्या कागदावर प्रती काढणारे झेरॉक्स ९१४ हे यंत्र आले, तशी यंत्रे पुढे कचेऱ्याकचेऱ्यांतून पोहोचली आणि एकच पत्र साऱ्या गोतावळ्याला धाडणे सोपे झाले. अशा पत्रांवर तिकडे घेतला जाणारा आक्षेप ठरलेला आहे. मुलगा पहिला आला, मुलगी डॉक्टर झाली, स्वयंपाकघर नवे केले, युरोप पाहिला, अशी बढाईची यादी वाचून पाहुण्यांचे पोट सुटीच्या आधीच भरते.

आमच्याकडे ही प्रथा धाकट्या वहिनीबरोबर आली. तिचे माहेर नगरकडचे, मराठी ख्रिस्ती; नाताळात त्यांच्या ताटात केकच्या शेजारी करंज्या-चकल्याही असतात, आणि कॅनडातील आत्याचे वर्षाचे पत्र त्या फराळाबरोबर मोठ्याने वाचायची तिच्या घरी पद्धत होती. आमचे घर दिवाळी अंकांवर पोसलेले. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी घराला सणासुदीला छापील काहीतरी लागतेच, त्यामुळे वहिनीच्या पत्राचा आमच्या हाती अंक झाला. त्यात संपादकीय आले, भविष्य आले, छोट्या जाहिराती आल्या. दिवाळीत घरातल्या सुना-लेकी चार दिशांना पांगतात, पण नाताळाच्या सुटीत पुण्या-बंगळुरूची मंडळी हटकून इंदुरात असतात, हेही एक कारण आहे. डिसेंबरातला गराडू, म्हणजे इंदूरकडचा तळून मसाला लावलेला कंद, हे दुसरे, आणि काही जणांच्या बाबतीत तेच पहिले.

आता दुकानाच्या पॅकेजविषयी. त्यांच्या संगणकावर तयार नमुने आहेत आणि ते सगळे बहुधा लग्नाच्या अल्बमवरून उचललेले असावेत, कारण प्रत्येक पानाला सोनेरी महिरप, कोपऱ्यात गुलाब आणि वर ‘यादगार लम्हे’ किंवा ‘हमारी उपलब्धियाँ’ असे वळणदार अक्षरातले शीर्षक असते. प्रत्येक सदस्यासाठी छायाचित्राची एक चौकट आणि तिच्याखाली उपलब्धी लिहायला सहा ओळी, प्रत्येक ओळीच्या आरंभी छोटासा करंडक. आमच्या निवृत्त काकांची त्या वर्षातील ठळक घटना पुढीलप्रमाणे होती. ३१ मे २०२५ रोजी इंदूरची मेट्रो सुरू झाली आणि पहिला आठवडा प्रवास फुकट होता, म्हणून काका गांधीनगर स्थानकावर जाऊन गाडीत बसले, सुमारे सहा किलोमीटरवरच्या शेवटच्या स्थानकापर्यंत गेले, सुपर कॉरिडॉरवर उतरून करण्यासारखे काही न दिसल्यामुळे त्याच गाडीने परत आले आणि रात्री पानावर बसल्यावर ‘प्रवास सुखाचा झाला’ एवढेच बोलले. हा मजकूर करंडकाशेजारी बसवला की काका हास्यास्पद दिसतात. तोच ‘प्रवासवर्णन’ या मथळ्याखाली, साध्या काळ्या अक्षरात, दोन स्तंभांत लावला की काका थोर दिसतात आणि हसू त्या प्रवासाचे येते. घरच्या माणसाची गंमत करताना हा फरक सांभाळावाच लागतो, आणि दुकानाच्या नमुन्यांत त्याला जागाच ठेवलेली नाही.

कागदाचेही तेच. पॅकेजमध्ये १७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत आर्ट पेपर मिळतो. तो जड असतो, ट्यूबलाइटखाली चमकतो, आणि हाती आला की माणूस त्यात स्वतःचा फोटो शोधतो, तो कसा आला आहे ते पाहतो आणि पुस्तिका मिटून पुढच्याला देतो. मजकूर कोणी वाचत नाही. याउलट ८० जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे साधा न चमकणारा छपाईचा कागद, वापरला आणि आत एकही रंगीत छायाचित्र ठेवले नाही, तर त्याच पुस्तिकेकडे लोक अंक म्हणून पाहतात. फोडणी बाजूला ठेवून स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचतात. आम्ही मुखपृष्ठ तेवढे २५० जीएसएमच्या कार्डावर रंगीत घेतो आणि आतला भाग काळापांढरा. असा पर्याय दुकानाच्या दरपत्रकात नाही, तो तोंडाने मागावा लागतो. मागितल्यावर मालक प्रथम, ‘भिया (इंदुरी भैया), मजा नहीं आएगा’, असे म्हणतात आणि मग देतात.

कोणत्या प्रकारच्या मजकुराला हा साधा साज शोभतो, याचा नमुना द्यायला हवा. आमच्या अंकातील सर्वांत लोकप्रिय सदर ‘मागील वर्षाचे राशिभविष्य’ हे आहे, कारण ते कधीच चुकत नाही. ‘वृषभ (आई): मार्चमध्ये शेगडी बदलण्याचा योग होता, तो टळला, ऑगस्टमध्ये पुन्हा आला, पुन्हा टळला. तूळ (भाचा): परीक्षेत घवघवीत यशाची खात्री, निकाल लागेपर्यंत. कुंभ (बाबा): वर्षभर इतरांना वाहन सावकाश चालवण्याचा सल्ला द्याल, स्वतःचे वाहन गॅरेजमध्ये राहील.’ निधनवार्तेत घरातला जुना मिक्सर होता. इंदूरच्या कचरागाडीला ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घातक आणि सॅनिटरी असे सहा कप्पे असल्यामुळे त्याच्या अंत्यविधीला फारशी अडचण आली नाही. मोटर इलेक्ट्रॉनिक कप्प्यात विसावली, मोठे भांडे मात्र आजीने ‘अजून दहा वर्षे जाईल’ असे सांगून ठेवून घेतले आणि त्यात सध्या शेव असते. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून पहिला येणारा हा गाव आहे. पण घरातून वस्तू बाहेर काढण्याच्या स्पर्धेत आजीशी त्याची गाठ पडायची अजून बाकी आहे. हे सर्व सोनेरी महिरपीत वाचून पाहावे, म्हणजे माझे म्हणणे पटेल.

अक्षरजुळणी हा या दुकानाचा दुबळा भाग आहे, आणि मराठी ग्राहकाने तिथे डोळ्यांत तेल घालून बसावे. ऑपरेटर तरुण हुशार आहे, वेगवान आहे, परंतु त्याचा हात हिंदीचा. युनिकोडमध्ये दिलेला आमचा मजकूर त्याने सवयीप्रमाणे कृतिदेव या जुन्या हिंदी टंकात (फॉन्टमध्ये) फिरवला, आणि पहिल्या प्रुफात सगळे ‘ळ’ ‘ल’ होऊन बसले, तर ‘दुसऱ्या’ आणि ‘वऱ्हाडी’ यांतला अर्धा र कुठेतरी पडून गेला. राशिभविष्यातला ‘टळला’ तेवढ्याने ‘टलला’ झाला. विनोदात एक अक्षर हलले की वाचणारा आधी छपाईला हसतो आणि मग मूळ विनोदाकडे परत येत नाही. उपाय सोपा आहे: मजकूर घरीच पानांत लावून, टंक आत बसवलेली पीडीएफ न्यावी, म्हणजे दुकानाकडे केवळ छपाई आणि बांधणी उरते, आणि ती दोन्ही त्यांना उत्तम येतात. ज्यांच्या घरी हे करणारे कोणी नाही, त्यांनी प्रुफाची छापील प्रत मागावी. मोबाइलवर पाठवलेल्या प्रतिमेवर अर्धा र कोणाला दिसत नाही.

बांधणीबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. मध्यभागी दोन पिना मारलेली पुस्तिका चारच्या पटीतच निघते, हे नवख्या ग्राहकाला ते आधीच नीट समजावतात. मजकूर चौदा पानांत संपला तर उरलेल्या दोन पानांवर कमळाच्या चित्रासह ‘धन्यवाद’ छापावे, असे ते सुचवतात. हे सौजन्याने नाकारावे. छोट्या जाहिरातींचा जन्म अशाच रिकाम्या पानांसाठी झालेला आहे. आमच्याकडे त्या सहज जमतात: ‘हरवला आहे: टीव्हीचा रिमोट. शेवटचे दर्शन २ नोव्हेंबरच्या रात्री, महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, हरमनप्रीतने झेल घेतला त्या वेळी काकांच्या हातात. सापडला आहे: चष्मा. मालकाने स्वतःचे कपाळ तपासून मग अर्ज करावा. पाहिजे: लग्नाच्या वयाच्या मुलाला लग्नाविषयी न विचारणारे नातेवाईक, जातीची अट नाही.’ शेवटची जाहिरात ऑपरेटरने पिना मारता मारता वाचली आणि पिनेचे यंत्र थांबवून, ही आपल्या घरीही लावता येईल का, असे विचारले. त्याच्या तोंडचे ते हसू मला कोणत्याही समीक्षेपेक्षा मोलाचे वाटले, कारण मराठी त्याची भाषा नव्हे.

याच कौतुकातून माझी सर्वांत मोठी तक्रार निघाली. मालकांना अंक इतका आवडला की त्यांनी एक जादा प्रत काढून गल्ल्याशेजारी नमुना म्हणून टांगली. लग्नपत्रिका छापायला आलेली अनोळखी माणसे तिथे उभी राहून आमच्या मावशींच्या ‘घोरण्याच्या स्पर्धेचा निकाल’ वाचत होती, हे ओळखीच्या एका गृहस्थांनी मावशींनाच सांगितले. घरात चेष्टा चालते ती चार भिंतींच्या भरवशावर चालते. सांगितल्यावर प्रत लगेच उतरवली गेली आणि मालकांनी मनापासून दिलगिरीही व्यक्त केली. पण असे काम देताना जादा प्रती, खराब निघालेले कागद आणि संगणकावरची फाइल यांचे काय होणार, हे आधीच ठरवून घ्यावे, आणि ते तोंडी न ठेवता बिलाच्या मागे लिहून घ्यावे. फोटो-अल्बमच्या बाबतीत एवढी काळजी लागत नाही. विनोदी अंकाच्या बाबतीत लागते.

दरांविषयी थोडक्यात. सोळा पानांची साधी, रंगीत मुखपृष्ठाची पुस्तिका तीस प्रतींच्या हिशेबाने प्रत्येकी साठ रुपयांना पडली. तेवढ्याच पानांच्या चकचकीत पॅकेजला साडेतीनशे सांगतात. इतक्या कमी प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेटा करणे परवडत नाही, सर्व काम डिजिटल यंत्रावर होते, त्यामुळे प्रती वाढवल्या तरी दर फारसा उतरत नाही; घासाघीस करण्यात वेळ घालवू नये. पुणे आणि नागपूरच्या प्रती टपालाने पाठवायच्या असतील तर त्या खर्चाचा वेगळा विचार करावा, कारण २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि ती वेगळी सेवा उरली नाही. कॅनडाच्या आत्याला पीडीएफ जाते. तीच सर्वांना व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळे व्हावे, अशी सूचना घरातील तरुण मंडळी दर वर्षी करतात. ती फेटाळली जाते, कारण तसे पाठवलेल्या अंकाखाली अंगठ्याचे चित्र येते आणि वाचले कोणीच नसते.

ज्यांना आजीआजोबांच्या पंचाहत्तरीसाठी किंवा लग्नाच्या वाढदिवसासाठी छायाचित्रांची पुस्तिका करायची आहे, त्यांनी याच दुकानाचे चकचकीत पॅकेज डोळे मिटून घ्यावे. महिरपी आणि गुलाब तिथे आपापल्या जागी आहेत आणि रंग अप्रतिम उतरतात. हसवणारा अंक काढणाऱ्यांनी साधा कागद मागावा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत या दुकानात लग्नपत्रिकांची झुंबड असते, साधारण १६ तारखेला खरमास, म्हणजे लग्नकार्यांना वर्ज्य मानलेला महिना, लागला की ती ओसरते, पण लगेच कॅलेंडरे आणि डायऱ्या येऊन बसतात. मधले दोन-तीन दिवस यंत्र मोकळे असते, आणि मालक त्या दिवसांत चहाही पाजतात. मजकूर त्याआधी तयार ठेवावा, आणि मावशींच्या बाबतीतला मजकूर मावशींना दाखवून मगच न्यावा.