प्रवाळांच्या टँकसाठी पोपटमासा की फॉक्सफेस?

खाऱ्या टँकमधल्या खडकावर शेवाळ वाढू लागले की ते चरणारा मासा आणावा असे वाटते, आणि मग पोपटमासा व फॉक्सफेस ही नावे पुढे येतात. (आपल्याकडे ‘पॅरट’ म्हणून मिळणारा लालसर, गोलमटोल मासा हा गोड्या पाण्यातला संकरित सिक्लिड आहे, तो येथे अभिप्रेत नाही.)

पोपटमाशाचे दात जुळून त्यांची चोच झालेली असते. तिने तो खडक खरवडतो, घशातल्या दातांनी त्या चुन्याचे पीठ करतो आणि न पचलेला भाग वाळू म्हणून बाहेर टाकतो. मालदीवमधील वक्कारू बेटाच्या प्रवाळभित्तीवर तयार होणाऱ्या नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू ही याच माशांची देणगी असल्याचे २०१५ च्या एका अभ्यासात दिसून आले. समुद्रात हे काम अनमोल आहे; टँकमधला खडक मात्र मोजका असतो आणि त्यावरच आपली प्रवाळे उभी असतात. शिवाय त्याच्या आहारात खडकावर व खडकाच्या आत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा असल्याने, केवळ गोळी-खाद्यावर तो बहुधा खंगत जातो. पांढऱ्या अंगाचे आणि डोक्यावर रुंद नारिंगी पट्टा असलेले जे पिल्लू पाहून मन मोहते, ते दुरंगी पोपटमाशाचे असते. मोठेपणी तो रंग उरत नाही आणि लांबी मात्र ८० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. एवढ्या जिवाला घरात कोंडणे मला अन्यायाचे वाटते.

फॉक्सफेस सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, केसाळ शेवाळ आवडीने खातो आणि नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पाने सहज स्वीकारतो. त्याला साधारण ५०० लिटरचा टँक लागतो. त्याच्या पाठीचे काटे विषारी असून दंश अतिशय वेदनादायी असतो, म्हणून टँकमध्ये हात घालताना तो कोठे आहे हे पाहावे आणि जाळीत धरताना विशेष जपावे. घाबरला किंवा झोपला की त्याचा पिवळा रंग तपकिरी, डागाळ होतो. नवख्याला तो आजारी वाटतो, पण तसे नसते.

टँक ५०० लिटरहून लहान असेल, तर दोन्ही मासे टाळून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायींवर भिस्त ठेवावी. मोठा असेल, तर मी निःशंकपणे फॉक्सफेस सुचवीन. तो उपाशी राहिला तर मांसल प्रवाळांना टोचू लागतो. तसे दिसताच त्याला काढण्याआधी नोरी वाढवून पाहावी.