राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती?

केंद्र सरकारच्या नागरी सेवेत १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्या, जुन्या पेन्शनवाल्या मंडळींसाठी हे लिहितोय. नोकरी लवकर सोडताना अर्जावर कोणता शब्द लिहिता, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ असं लिहिलंत आणि तो मंजूर झाला, की मागची सगळी सेवा बाद. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीही नाही. भविष्य निर्वाह निधीतले पैसे तुमचेच, ते मिळतात. शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्याच रजेचा पगार मिळतो, तोही जास्तीत जास्त १५० दिवसांचा. परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी नोकरीत जाण्यासाठी दिलेला राजीनामा मात्र वेगळा, त्यात सेवा जोडली जाते.

स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षांची अर्हताकारी सेवा (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा) आणि तीन महिन्यांची लेखी नोटीस लागते. पेन्शन, ग्रॅच्युइटी, ३०० दिवसांपर्यंतचा रजेचा पगार, सगळं शाबूत.

माझं मत स्पष्ट आहे: २० वर्षं भरली असतील तर राजीनामा हा शब्द कागदावर येऊच देऊ नका. पण अर्ज करण्याआधी सेवापुस्तक उघडून बिनपगारी रजा मोजा. वैद्यकीय कारणाशिवाय घेतलेली अशी रजा सहसा सेवेत धरत नाहीत.