रेडिओवर हात दिसत नाहीत

खेळांवरच्या गप्पांचा हा रेडिओ कार्यक्रम मी कित्येक वर्षं ऐकतोय. आठवड्यातून एकदा, तासभर, थेट प्रक्षेपण, मधूनमधून श्रोत्यांचे फोन. गेल्या महिन्यात त्याच कार्यक्रमात पाहुणा म्हणून जाऊन आलो. ऐकणाऱ्याचं मत माझ्याकडे आधीपासून होतंच, आता आत बसून पाहिलं, म्हणून हे लिहितोय. तुमच्यापैकी कुणाला असं बोलावणं आलं तर नक्की जा, पण काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या.

मी खेळाडू नाही, पत्रकार नाही. मला मैदानावरच्या एका जागेचं वेड आहे. फॉरवर्ड शॉर्ट लेग, म्हणजे लेगच्या बाजूला, फलंदाजाच्या अगदी समोर, झेलासाठी उभं राहायची जागा. आणि त्या जागेवर हेल्मेट नसताना उभ्या राहिलेल्या, भारताकडून खेळलेल्या एकनाथ सोलकरचं. 27 कसोटींत 53 झेल. 'समालोचक ज्याबद्दल कधी बोलत नाहीत असं काहीतरी कळवा' असं आवाहन कार्यक्रमात झालं, तेव्हा मी या जागेवर दीड पान लिहून पाठवलं. दोन दिवसांनी निर्मात्यांचा फोन आला. वीसेक मिनिटं त्या नुसत्या गप्पा मारत होत्या. तीच परीक्षा होती हे मला नंतर कळलं. माणूस लिहितो तसा बोलतो का, हे त्या तपासत होत्या.

तयारीच्या बाबतीत पूर्ण गुण. अर्धा तास आधी या, किल्ल्या आणि सुटी नाणी खिशात ठेवू नका, टिपणाचे कागद स्टेपल करू नका, कारण पान उलटल्याचा आवाज माईकमध्ये स्पष्ट येतो. हे सगळं आधीच सांगितलं होतं. मी सुटे कागद नेले आणि वाचून झालेला कागद उचलून बाजूला सरकवत गेलो.

स्टुडिओची खोली लहान, दार जाड. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसले होते आणि त्यांनी माझ्यावर खर्च केलेली दहा मिनिटं मला या सगळ्या अनुभवात फार मोलाची वाटतात. त्यांनी आधी मला नुसतं बोलायला लावलं. मी क्रिकेटमधले शब्द आणि भारताच्या एका फिरकी गोलंदाजाचं नाव म्हणालो, "फलंदाज, फिरकी, पायचीत, भागवत चंद्रशेखर." प्रत्येक प, फ, भ बरोबर माझ्या हेडफोनमध्ये धप्प असा आवाज. ओठातून सुटलेली हवा थेट माईकवर आदळत होती. आपल्या क्रिकेटच्या भाषेत ही अक्षरं किती आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. त्यांनी माईक तोंडासमोरून काढून किंचित तिरका केला, तोंडाच्या कोपऱ्यापाशी, एका मुठीच्या अंतरावर, आणि म्हणाले, "माईकमध्ये बोलू नका, त्याच्या बाजूने बोला." पुन्हा तेच शब्द. धप्प गेलं. हेडफोन एका कानावरून थोडा सरकवून ठेवा, हेही त्यांनीच सुचवलं. स्वतःचा आवाज दोन्ही कानांत ऐकला की माणूस उगाच हळू बोलायला लागतो.

लाल दिवा लागला. निवेदकांनी माझी ओळख 'क्रिकेटतज्ज्ञ' अशी करून दिली. मी लगेच दुरुस्त केलं, मी चाहता आहे. ही ओळख त्यांनी आधी मला विचारून लिहायला हवी होती. ऐकणारा तज्ज्ञाचं वेगळ्या कानाने ऐकतो आणि चाहत्याचं वेगळ्या.

मग लंडनचं ओव्हल मैदान, 24 ऑगस्ट 1971. इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय, ज्याच्याशिवाय या जागेवर बोलणं अपुरं. इंग्लंडचा दुसरा डाव 101 वर आटोपला, चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी. पहिल्या डावात 90 करणारा ॲलन नॉट फलंदाजीला आला होता आणि सोलकरने पुढे झेपावून, गवतापासून काही इंचांवर तो झेल घेतला. मी हे सांगताना दोन्ही हात टेबलावर आडवे पुढे नेले, बोटं पसरून, अगदी तसे. निवेदकांनी मला थांबवलं नाही. फक्त विचारलं, "तुमचे हात आत्ता कुठे आहेत? ऐकणाऱ्यांना सांगा."

या एका प्रश्नासाठी मी हा कार्यक्रम कुणालाही ऐकायला सांगेन. तोवर मी धावफलक बोलत होतो. मग मला सांगावं लागलं, की क्षेत्ररक्षक गुडघ्यात वाकलाय, पार्श्वभाग खाली, वजन चवड्यांवर, हात मांड्यांवर नाहीत तर पुढे आणि जमिनीच्या जवळ, कारण वर यायला वेळ मिळतो, खाली जायला मिळत नाही. फलंदाज इतका जवळ की त्याच्या बॅटची कड दिसते. हे सगळं मला माहीत होतं, पण कधी तोंडाने मांडलं नव्हतं.

आकड्यांचंही तसंच. मी 53 झेल, 27 कसोटी, मग तुलनेला द्रविडचे 164 कसोटींतले 210 झेल असं सुरू केलं, अर्थात द्रविड मुख्यतः स्लिपचा, म्हणजे यष्टिरक्षकाच्या शेजारचा, हेही जोडलं. निवेदक म्हणाले, "म्हणजे सोलकर, प्रत्येक कसोटीत जवळजवळ दोन." बस. कानाला तेवढंच पुरतं.

पुढचा प्रश्न होता, आज हेल्मेट आहे, मग ही जागा सोपी झाली का? मी भारताकडून खेळलेल्या रमण लांबाचं नाव घेतलं. फेब्रुवारी 1998, ढाका, क्लबचा सामना, फॉरवर्ड शॉर्ट लेगवर हेल्मेट न घालता उभा राहिला, डोक्याला चेंडू लागला, तीन दिवसांनी गेला. वय 38. एवढं बोलून मी गप्प झालो, मला पुढचं वाक्य सुचेना. रेडिओवर शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजतात, पण निवेदकांनी ती भरून काढली नाही. दोन-तीन सेकंद काहीच नव्हतं. मग त्यांनी हलक्या आवाजात पुढचा फोन घेतला. हे भान अनेक नावाजलेल्या कार्यक्रमांत मला आढळलेलं नाही.

त्या फोनवरच्या श्रोत्यांनी माझी चूक काढली. नॉटचा झेल मी चंद्राच्या, म्हणजे चंद्रशेखरच्या गोलंदाजीवर म्हणालो होतो, तो वेंकटच्या, म्हणजे दुसरा फिरकी गोलंदाज वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर होता. त्यांचं बरोबर. चंद्राच्या गोलंदाजीवर सोलकरने घेतला तो फ्लेचरचा झेल, एड्रिचचा त्रिफळा उडाल्यावर लगेच पुढच्याच चेंडूवर. माझ्या डोक्यात दोन्ही एकमेकांत मिसळले होते. मी तिथेच चूक मान्य केली आणि निवेदकांनी विषय न बदलता ती दुरुस्ती पुन्हा एकदा नीट सांगितली. चुकीचा तपशील हवेत तसाच राहिला असता तर मला रात्रभर झोप लागली नसती.

आता तक्रारी. फोन करणाऱ्यांना सुरुवातीलाच घरचा रेडिओ बंद करायला सांगावं. प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, त्यामुळे माणसाला स्वतःचंच वाक्य उशिरा ऐकू येतं आणि तो अडखळतो. एका श्रोत्याचं बोलणं त्यामुळे पार विस्कटलं. तीन वेळा जाहिराती आल्या, त्यातली एक नको त्या जागी.

आणि मुख्य तक्रार. शेवटच्या दहा मिनिटांत एका वयस्क गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, क्लबकडून अकरा मोसम मी याच जागेवर उभा राहिलो. ते पुढे सांगणार, की गोलंदाज चेंडू सोडतो तेव्हा ते नेमके कुठे पाहत, एवढ्यात वेळ संपत आली म्हणून फोन तोडला. उरलेला वेळ कशाला दिला, तर पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमाच्या घोषणेला. ज्या माणसाने ते पाहिलंय त्याला चाळीस सेकंद आणि मला पाऊण तास, हा हिशेब मला पटलेला नाही. बाहेर आल्यावर निर्मात्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या गृहस्थांचा नंबर मला देता येणार नाही म्हणाल्या, आणि ते योग्यच आहे, पण फोन करून त्यांना स्टुडिओत बोलावू असा शब्द दिला.

पाचपैकी चार गुण देतो. पाचवा त्या गृहस्थांना बोलावतील तेव्हा. त्या दिवशी मी श्रोता म्हणून फोन करणार आहे, रेडिओ बंद करून. प्रश्न लिहून ठेवलाय: नजर हातातून सुटणाऱ्या चेंडूवर, की फलंदाजाच्या बॅटवर?