आयर्लंड, स्कॉटलंड की थुंकीची नळी: केल्टिक पूर्वजांचा शोध कुठून सुरू करावा?

मराठी घरात हा प्रश्न हल्ली तीन वाटांनी येतो. सून किंवा जावई बोस्टनकडचे, आडनाव मर्फी नाहीतर कॅम्पबेल, आणि नातवंडांना दोन्हीकडचं कूळ जाणून घ्यायचं असतं. दुसरी वाट भुसावळ-इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीतून येते: आजी अँग्लो-इंडियन, तिचे खापरपणजोबा कुठल्याशा गोऱ्या पलटणीत. तिसरी वाट पासपोर्टची. तिच्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही, पण विचारतात सगळे.

तिघांपुढची निवड एकच असते. पहिले पैसे आणि पहिले शनिवार-रविवार कशावर घालवायचे: स्कॉटलंडच्या दप्तरावर, आयर्लंडच्या दप्तरावर, की घरपोच येणाऱ्या डीएनए चाचणीवर? माझं मत आधीच सांगते. थुंकीची नळी, म्हणजे ही चाचणी, शेवटी. दोन अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

केल्टिक नावाचं दप्तर मात्र कुठेच नाही. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि फ्रान्समधलं ब्रिटनी हे भाषेच्या नात्याने एका कुळातले. त्यांच्या नोंदी वेगळ्या, कायदे वेगळे, आणि नोंदींचं नशीबही वेगळं. म्हणून आधी देश ठरवावा लागतो. तो ठरवायला आडनाव पुरत नाही. आडनावाच्या सुरुवातीचा ‘मॅक’ आयर्लंडमध्येही असतो आणि स्कॉटलंडमध्येही. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून हजारो कुटुंबं आयर्लंडच्या उत्तर भागातल्या अल्स्टरमध्ये वसवली गेली आणि त्यांचेच वंशज पुढे अमेरिकेला गेले, त्यामुळे गुंता आणखी वाढतो. घरातला धर्म आडनावापेक्षा जास्त सांगतो. कॅथलिक (बहुधा आयरिश) की प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडचा प्रोटेस्टंट पंथ), हे आजीला आधी विचारा.

स्कॉटलंड: पैसे मोजा, उत्तर घ्या

स्कॉटलंडमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाहाची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्सपेक्षा अठरा वर्षांनी उशिरा, पण अशी तपशीलवार की उशिराचं दुःख राहत नाही. मृत्यूच्या नोंदीत मृत व्यक्तीच्या आई आणि वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. म्हणजे १८६० साली ऐंशी वर्षांची बाई वारली असेल, तर त्या एका पानावरून तुम्ही अठराव्या शतकातल्या तिच्या आईबापांपर्यंत जाता. (नावं जावयाने सांगितली असतील तर जरा सांभाळून, सासूच्या आईचं माहेर कुठल्या जावयाला पाठ असतं?) विवाहाच्या नोंदीत वर-वधू दोघांचेही आईवडील मिळतात. १८६१ पासूनच्या जन्मनोंदीत तर आईवडिलांचं लग्न कधी आणि कुठे झालं हेही लिहिलेलं असतं. जन्मावरून लग्न, लग्नावरून आणखी दोन जन्म, अशी साखळी हाताला लागत जाते.

हे सगळं ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. सूची शोधायला पैसे पडत नाहीत, मूळ पानाचं चित्र उघडायला साधारण दीड पौंड लागतो. १८४१ ते १९२१ पर्यंतच्या दर दहा वर्षांच्या जनगणनाही तिथेच आहेत. चार-पाच पिढ्यांची सरळ रेघ काढायला एका डीएनए चाचणीपेक्षा कमी खर्च येऊ शकतो, आणि हातात येतात ते कागद.

१८५५ च्या मागे गेलं की उजेड कमी होतो. चर्च ऑफ स्कॉटलंडची जुनी पॅरिश रजिस्टरं आहेत (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), त्यांतलं सर्वांत जुनं पर्थशरमधल्या एरल गावचं, १५५३ चं. पण बहुतेक गावांची त्यानंतर कितीतरी उशिरा सुरू होतात, दफनाच्या नोंदी फारशा नाहीत, आणि १८४३ च्या फुटीनंतर फ्री चर्चमध्ये गेलेली कुटुंबं त्यांत सापडत नाहीत. अशा वेळी कर्क सेशनची कागदपत्रं उघडावीत. गावच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकांचे हे वृत्तांत त्याच संकेतस्थळावर फुकट बघता येतात. लग्नाआधी मूल झालेल्या मुलीला बोलावून बापाचं नाव वदवून घेण्याचे प्रसंग त्यांत आहेत. वाचताना अंगावर काटा येतो, पण पॅरिश रजिस्टरात न लिहिलेला बाप कधीकधी इथेच भेटतो.

टार्टनच्या, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाच्या, दुकानात मात्र पैसे घालवायचे तर हौस म्हणूनच घाला. आडनावानुसार ठरलेली चौकडी ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली घडामोड आहे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने जो थाट उभा केला, त्यानंतर ती लाट उसळली. शिवाय एकाच कुळाचं आडनाव लावणारे सगळे रक्ताचे नव्हतेच; सरदाराच्या आश्रयाला असलेली कुटुंबंही त्याचं नाव लावत.

आयर्लंड: फुकट, पण आधी गाव सांगा

आयर्लंडचं दुःख एका तारखेत आहे. ३० जून १९२२ ला यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत स्फोट झाला, आग लागली आणि सार्वजनिक दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे तुकडे तेवढे उरले. पण सगळा दोष आगीवर टाकता येत नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणना सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धात लगद्याला गेल्या. म्हणून संपूर्ण मिळणारी पहिली जनगणना थेट १९०१ ची, दुसरी १९११ ची. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट खुल्या केल्या आहेत. १९११ च्या पानावर विवाहितेला लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यांतली किती जगली, हेही विचारलेलं आहे.

या दोन जनगणनांत एक गंमत दिसते. १९०१ मध्ये छप्पन्न वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये एकाहत्तरचा निघतो. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीपुढच्यांना म्हातारपणाचं पेन्शन मिळू लागलं आणि जन्माचा दाखला बहुतेकांकडे नव्हता, कारण तशी नोंदणीच १८६४ पासूनची. मग वय सिद्ध कसं करायचं? तर दप्तरखान्यात अर्ज करून १८४१ नाहीतर १८५१ च्या जनगणनेत लहानपणीचं नाव शोधायला लावायचं. मूळ जनगणना जळाली, हे शोध-अर्ज मात्र उरले. पूर्वज त्या वयाचे असतील, तर ते आवर्जून बघा. कारकुनाने उतरवून घेतलेलं अख्खं कुटुंब कधीकधी त्यांत मिळतं.

सरकारी नोंदणी इथे दोन टप्प्यांत झाली: कॅथलिक सोडून इतरांचे विवाह १ एप्रिल १८४५ पासून, आणि जन्म, मृत्यू व सर्व विवाह १ जानेवारी १८६४ पासून. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू सरकारी ‘आयरिश जीनिऑलॉजी’ संकेतस्थळावर मूळ पानांसकट फुकट दिसतात. पण त्या पानात स्कॉटलंडइतकं काही नसतं. विवाहाच्या नोंदीत फक्त वडिलांची नावं. मृत्यूच्या नोंदीत आईबाप नाहीतच. कॉर्कमध्ये मेरी सलिव्हन वारली एवढं कळून काय करणार? त्याच तालुक्यात तशा आणखी कितीतरी मेरी सलिव्हन असतात.

म्हणून गाव लागतं, आणि गाव म्हणजे काउंटी (जिल्हा) नव्हे, टाउनलँड, म्हणजे जमिनीचा सगळ्यांत छोटा नोंदलेला भाग. साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, काही फक्त दोन-चार घरांची. त्र्यंबकेश्वरला उपाध्याय मूळ गाव आणि आडनाव विचारल्याशिवाय चोपडी उघडत नाहीत, तसाच हा कारभार. टाउनलँड कळलं की दारं पटापट उघडतात. १८४७ ते १८६४ मधलं ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची मोजदाद, त्या जागेचा कसणारा आणि त्याचा मालक दाखवतं. कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं, बहुतेक १८८० पर्यंतची, नॅशनल लायब्ररीने २०१५ पासून फुकट ठेवली आहेत. भाषा लॅटिन मिश्रित, शाई उडालेली. डोळे दुखतात, पण बाप्तिस्म्याचे साक्षीदार म्हणून लिहिलेली नावं बहुतेकदा मामा-काकांचीच असतात.

टाउनलँड आयर्लंडमध्ये शोधू नका, ते परदेशात शोधा. अमेरिकेत गेलेल्यांचं मूळ गाव कबरीवरच्या दगडावर, मृत्यूच्या बातमीत, तिकडच्या चर्चच्या विवाहनोंदीत लिहिलेलं असू शकतं. बोस्टनचं ‘पायलट’ हे वृत्तपत्र १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती छापत होतं, आणि त्यांत काउंटी, पॅरिश, कधी टाउनलँडसुद्धा येतं.

थोडक्यात निवड अशी: गाव माहीत असेल तर आयर्लंड जवळजवळ मोफत पडतं, माहीत नसेल तर पहिली कमाई ते शोधण्यातच खर्च करा. स्कॉटलंडला गाव न सांगताही बऱ्याचदा चालून जातं.

वेल्स दोघांपेक्षा वेगळं. नोंदणी इंग्लंडबरोबर १८३७ पासूनची चांगली आहे, पण आडनावंच मोजकी. ग्रामीण भागात कुटुंबाचं कायमचं आडनाव उशिरापर्यंत रुळलं नव्हतं, मुलगा बापाचं नाव लावी. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स यांच्या गर्दीत शेताचं किंवा घराचं नाव हाच धागा, आणि ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीची मदत घेतल्याशिवाय सुटका नाही.

नळी

डीएनए चाचणी ‘तुम्ही बावीस टक्के आयरिश’ असं सांगते तेव्हा त्या आकड्यावर फार जीव टाकू नये. ‘नेचर’मध्ये २०१५ साली ब्रिटनमधल्या २,०३९ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच परिसरात जन्मले, असेच लोक त्यात घेतले होते. निष्कर्ष असा की ‘केल्टिक’ असा एक जनुकीय गट दिसत नाही. वेल्सचे लोक वेगळे, कॉर्नवॉलचे वेगळे, स्कॉटलंडचे वेगळे. कॉर्नवॉलचे तर वेल्सपेक्षा इतर इंग्रजांनाच जवळचे निघाले.

दुसरी अडचण साध्या गणिताची. एका खापरपणजोबांकडून सरासरी सव्वासहा टक्के डीएनए येतो. त्याच्याही दोन पिढ्या मागे गेलं की दीड टक्का, क्वचित जवळजवळ काहीच नाही. सख्ख्या भावंडांचे आकडेही जुळत नाहीत.

चाचणीचा खरा उपयोग टक्क्यांत नसून जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीत आहे. कुणा तिसऱ्या चुलत बहिणीने टाउनलँड आधीच शोधून ठेवलेलं असतं. बापाचा पत्ता नसेल, मूल दत्तक गेलेलं असेल, तर कागदाआधी नळी हेच बरोबर; हा पहिला अपवाद. आणि दुसरा अपवाद हा: घरात नव्वदीचं माणूस असेल, तर त्यांची चाचणी आधी करून घ्या, त्यांच्या संमतीने. ते एक-दोन पिढ्या मागचे, म्हणून त्यांच्याकडे पूर्वजांचा डीएनए तुमच्यापेक्षा जास्त आहे. डेटा कुणाकडे जातोय हेही विचारा. २३अँडमी या डीएनए चाचणी कंपनीमधून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पासपोर्ट मनात असेल तर

मग डीएनए बाजूलाच ठेवा, तो तिथे पुरावा म्हणून कामाचा नाही. संकेतस्थळावरची चित्रंही पुरत नाहीत. प्रमाणित दाखले लागतात, प्रत्येक पिढीचे.

आयर्लंडमध्ये आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील, तर परदेशी जन्म नोंदवहीत नाव घालून नागरिकत्व घेता येतं. पणजोबांवरून साधारणपणे नाही, आईवडिलांपैकी एकाने तुमच्या जन्माआधी नोंदणी केली असेल तरच. इथे अनेक मराठी घरांत उशीर होतो: जावयाची आजी आयर्लंडमधल्या मेयोची, पण नोंदणी बाळ झाल्यावर. मग ती जावयापुरतीच कामाची. मूल होणार असेल तर वंशवृक्ष राहू द्या, हा अर्ज आधी.

स्कॉटलंड किंवा वेल्सचे आजी-आजोबा असतील तर नागरिकत्व थेट मिळत नाही, पण भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलातला म्हणून, ब्रिटनचा अँसेस्ट्री व्हिसा मागता येतो. आज आयर्लंड असलेल्या भूमीत ३१ मार्च १९२२ पूर्वी जन्मलेले आजी-आजोबाही त्यात धरतात. अँग्लो-इंडियन कुटुंबांना हे उपयोगी पडू शकतं. मात्र आयरिश नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि हा हिशेब कुटुंबाने बसून करायचा आहे.

भुसावळ, पुणे, मुंबईची वाट

पूर्वज मुंबई इलाख्यात वारले असतील, तर सुरुवात ना डब्लिनमधून ना एडिंबरोमधून. लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबईचे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ‘एन/३’ या मालिकेत आहेत. मूळ कागद ब्रिटिश लायब्ररीत, चित्रं ‘फाइंडमायपास्ट’ या वंशशोधाच्या संकेतस्थळावर पैसे भरून. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची शोधसूची फुकट आहे, पहिल्यांदा तीच चाळा.

पलटणीचं नाव मिळालं की धागा आयर्लंडकडे वळण्याची शक्यता मोठी. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या फौजेत आयरिश भरपूर होते. बॉम्बे फ्युझिलियर्सची पलटण १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली, आणि १०९ वी बॉम्बे इन्फंट्री लेन्स्टर रेजिमेंटची. ब्रिटिश सैन्यातल्या शिपायाचे निवृत्तीचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९७’ मध्ये आहेत. त्यांत जन्माचं पॅरिश आणि काउंटी लिहिलेलं असतं, म्हणजे आयर्लंडला हवं असलेलं उत्तर. ते कळल्यावर आधी ग्रिफिथच्या मूल्यांकनात त्या पॅरिशमधली त्या आडनावाची घरं काढा, आणि मगच कॅथलिक रजिस्टरं उघडा.