मोटार वाहन नियमांवरील हरकती-सूचनांची सोय: कोकणातून वापरताना

केंद्राला मोटार वाहन नियम बदलायचे असले की मसुदा आधी राजपत्रात द्यावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम २१२ तसं सांगतं. त्यावर हरकत-सूचना कुणीही पाठवू शकतो. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. कशेडी, कुंभार्ली घाटात रोज दुचाकी काढणाऱ्यांनी ही सोय वापरायलाच हवी. सोपी मात्र ती नाही.

मसुदा सापडणं हीच पहिली खटपट. ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर 'असाधारण', भाग २, खंड ३, उपखंड १ असं शोधायचं आणि मसुद्यावरचा सा.का.नि. क्रमांक (राजपत्रातल्या अशा नियम-अधिसूचनेचा क्रमांक, इंग्रजीत G.S.R.) उतरवून घ्यायचा. मजकूर हिंदी आणि इंग्रजीत असतो, मराठीत नाही. सगळ्यात खटकतं ते हे. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासळी भरून निघणाऱ्या चालकाला ज्या नियमाखाली दंड होणार, तो त्याच्या भाषेत आधी वाचायला मिळू नये?

मुदत बहुधा ३० दिवसांची. ती राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून मोजतात, पेपरात बातमी आल्यापासून नव्हे. बरेच जण इथेच चुकतात. दुचाकीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि सोबत दोन हेल्मेटं, हा मसुदा जून २०२५ मध्ये आला. मुदत भातलावणीतच सरली.

ई-मेल आणि टपालाचा पत्ता मसुद्याच्या सुरुवातीलाच असतो. विषयात सा.का.नि. क्रमांक आणि तारीख घाला. मग प्रत्येक मुद्द्याला नियम-उपनियम क्रमांक, मसुद्यातले शब्द, त्यांच्या जागी हवे असलेले शब्द आणि दोन ओळींत कारण. मासळीच्या गाडीतून बर्फाचं पाणी रस्त्यावर गळतं, त्यात मासळीचा बुळबुळीतपणा असतो आणि वळणावर दुचाकीचं पुढचं चाक सटकतं. गाडीला हे पाणी साठवणारी बंद टाकी हवी, ही सूचना मालगाडीच्या बांधणीच्या मसुद्यावर चपखल बसते. हेल्मेटच्या मसुद्यावर पाठवली तर विषयाबाहेरची ठरते. खड्ड्यांचंही तसंच. वेगमर्यादा (कलम ११२) किंवा गणपतीतली जड वाहनबंदी (कलम ११५) यांसाठी राज्याकडे लिहावं.

पुढे काय झालं हे कळण्याची सोय सगळ्यात कच्ची. प्रत्येकाला वेगळं उत्तर येत नाही; अंतिम अधिसूचनेत 'आलेल्या हरकती व सूचनांचा विचार केला' अशा अर्थाची एक ओळ असते, कारणं नसतात. लहान मुलांना दुचाकीवर नेण्याच्या नियमाचा मसुदा ऑक्टोबर २०२१ चा, अंतिम नियम फेब्रुवारी २०२२ चा. असे दोन्ही कागद शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहावा लागतो. आपल्या सूचनेवर अधिकाऱ्यांनी फायलीत लिहिलेली टिपणी हवी असेल तर १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करावा आणि त्यातही सा.का.नि. क्रमांक लिहावा.